बोचकं

बाजारात ते नेहमी तोंड बांधून येतं. जुन्या चादरीची समोरासमोरची टोकं ओढून मारलेल्या दोन गाठी, वर सुतळीचा वेढा, आणि जमिनीवर टेकलं की चारी बाजूंनी पसरणारं गच्च अंग. चादर कधी फुलाफुलांची असते, कधी कोपऱ्यात हॉटेलच्या धुलाईचा शिक्का असतो. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. एका बाजूला जीन्सची जाड शिवण उठून दिसते, कुठे फटीतून झबल्याची बाही लोंबत असते, तेवढ्यावरून जाणकार अंदाज बांधतात. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या बाजारात सुकट-बोंबलाच्या पाट्या संपतात आणि कोयते-विळे मांडलेले असतात, त्या दोघांच्या मधल्या जागेत ते बसतं. त्याला वास असतो. डांबरगोळीचा, बंद कपाटाचा, दमट भिंतीचा, कुठल्या तरी अत्तराचा, आणि सगळ्यांवर जीपच्या टपावर बसलेल्या धुळीचा.

जुन्या कपड्यांचं हे बोचकं मला बाजारातलं सगळ्यात मोठ्या मनाचा माल वाटत आलं आहे. भाजीवाला टोमॅटो दाबून बघू देत नाही, कापडाचा दुकानदार चार ठाणं उलगडली की कपाळाला आठ्या घालतो. बोचक्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घालावेत, तळातलं वर काढावं, उलटं करावं, उजेडात धरावं, ताणावं, आवडलं नाही तर परत टाकावं. ते काही म्हणत नाही. आणि तरी या बाजारात सगळ्यात जास्त चडफड त्याच्याभोवतीच ऐकू येते, कारण ज्यांच्यासाठी ते इतक्या लांब आलं त्यांच्या हाती लागेपर्यंत त्यातला जीव दुसऱ्यांनीच काढून घेतलेला असतो.

ते येतं मुंबईहून. कसारा लोकलच्या मालडब्यातून आसनगाव, तिथून रिक्षाने किंवा टेम्पोने शहापूर, मग एसटी नाही तर जीप. डोळखांबच्या पुढे रस्ता साकुर्लीकडून डेहण्याला, अजोबा डोंगराच्या पायथ्याशी जातो. चोंढ्याच्या बाजूला सह्याद्रीची भिंत सरळ उभी राहते आणि तिच्या सावलीतल्या वाड्या-पाड्यांना बाजार म्हणजे हाच. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, सगळे इथेच मीठ-मिरचीला येतात. मुंबईचं पाणीही याच तालुक्यातून जातं. तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं, त्यानंतर या भागात मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा अशी एकामागून एक धरणं उभी राहिली. इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, आणि घाटकोपर-मुलुंडच्या यंत्रांत शर्ट धुतले जातात ते इथल्या डोंगरांवर पडलेल्या पावसात. धुऊन धुऊन विटले की तेच शर्ट गाठीत बांधून इकडे येतात. हे देणंघेणं मला सरळ वाटत नाही.

बोचक्याचा जन्म एखाद्या इमारतीच्या जिन्यात होतो. दिवाळीच्या तोंडावर कपाटं उपसली जातात आणि बोहारीण दार वाजवते. गुजरातेतून पिढ्यांपूर्वी मुंबईत आलेल्या वाघरी समाजातल्या या बायका. हे लोक स्वतःला देवीपूजक म्हणवतात. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर झोळणं. पूर्वी पाटीत तांब्यापितळेची भांडी असत, मग जर्मनची आली, मग स्टील, आता प्लॅस्टिकचे टब आणि डबेही असतात. पहिली घासाघीस इथे होते. एका बाजूला पातेलं, दुसऱ्या बाजूला सहा शर्ट, दोन पँटी, एक साडी. ‘एवढ्याशा डब्याला एवढे कपडे?’ ‘ताई, एक जरीची टाका, मोठा डबा देते.’ दोघींनाही वाटतं आपणच फसलो. बोहारीण मात्र दिवसभर चार-पाच जिने चढते तेव्हा तिचं झोळणं भरतं, आणि त्या चढण्याचे पैसे पातेल्याच्या हिशेबात कुणी धरत नाही.

त्यानंतर त्याची पहिली लूट. मी ‘लूट’ म्हणतो, पण ती रीतसर, रोकड मोजून होते. मुंबईत जुन्या मालाचे काही बाजार अंधारात भरतात. चोरबाजाराच्या बाजूला, कामाठीपुऱ्यातली दीड गल्ली शुक्रवारी पहाटे जागी होते, आणि तिथे बॅटरीच्या उजेडात बूट आणि कपडे पारखले जातात. खऱ्या जरीची साडी आधी निघते, कारण जरीत चांदी असते आणि ती जाळून चांदी वेगळी काढणारे व्यापारी आहेत. रेशमी साड्या उशांचे अभ्रे आणि पर्यटकांचे घागरे शिवणाऱ्यांकडे जातात. लोकरीचे कपडे पानिपतकडे वळतात, तिथल्या गिरण्या जुन्या लोकरीच्या धाग्यातून स्वस्त ब्लँकेटं विणतात. पार गेलेलं सुती कापड गॅरेजात तेल पुसायला. नावाजलेल्या कंपनीचा बिल्ला दिसला की तो कपडा वेगळ्या हातात. गेल्या काही वर्षांत हे हात कॉलेजच्या पोरापोरींचे आहेत. ती पहाटे येतात, बिल्ला बघतात, धुऊन-इस्त्री करून फोनवर फोटो टाकतात आणि पाच-सहा पटीने विकतात. जुनं वापरणं शहरात आता कमीपणाचं राहिलेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याचा एक परिणाम इथे, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर जाणवतो. जाड कापडाचा, पक्क्या शिवणीचा, दहा वर्षं टिकेल असा शर्ट पूर्वी कुणाच्या लक्षात न आल्यामुळे बोचक्याच्या तळाशी तसाच राहून डोळखांबला यायचा. आता त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही असं होत नाही.

बोचक्याची प्रकृती बिघडायला आणखी एक कारण आहे. आधी कपडे सुती होते. विटायचे, विरायचे, पण विरताना मऊ व्हायचे. जुनी सुती साडी म्हणजे गोधडीचा थर, बाळाची झोळी, बाळंतिणीचं धडपं. आता येतं ते बहुतेक पॉलिस्टर. ते विरत नाही, त्याचे गोळे होतात, ते ताणतं, चिकटतं. त्याची गोधडी केली तर आतला थर सरकतो, आणि घाम टिपत नाही म्हणून उन्हाळ्यात अंगावर ठेववत नाही. शहरात कपडे पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर टाकले जातात, त्यामुळे बोचकी वाढली. पण कापड मुळातच दोन-चार धुण्यांपुरतं विणलेलं, म्हणून आत घेण्यासारखं कमी झालं. चांगल्या कपड्यावर इतक्या जणांची झडप पडते ती म्हणून.

मुंबईतली निवड संपली की उरलेल्याचं पुन्हा बोचकं बांधलं जातं. ते बंदच विकतात. डोळखांबला पथारी लावणारा माणूस ते उघडून बघू शकत नाही. उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, बाजू दाबायच्या, पैसे द्यायचे. कधी आत निम्म्या लेगिंग्ज निघतात, कधी नशिबाने चार स्वेटर. त्याचं भाडं, त्याची पावती, दिवसभराचा चहा-वडा, सगळं त्या अंदाजावर उभं. ही बंद गाठीची पद्धत इथलीच नाही. घानाची राजधानी आक्रा इथे कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. युरोप-अमेरिकेतून आलेल्या गासड्या तिथल्या बायका न उघडता विकत घेतात, आणि पट्टी कापली की फिरते विक्रेते भोवती गोळा होऊन पहिली निवड, दुसरी निवड, तिसरी निवड अशी उतरंड लावतात. तिसऱ्या निवडीनंतर उरतं त्यातलं पुष्कळ कचऱ्यात आणि समुद्रकिनाऱ्यावर जातं. आपलं बोचकं त्या गासडीचं नात्यातलंच. कांडलाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी जुने कपडे निवडण्याचे कारखाने आहेत. कधीतरी डोळखांबच्या ढिगात बर्फाच्या देशातला जाड कोट निघतो तेव्हा तो कुठून कुठे फिरत आला असेल याचा अंदाज करता येतो. असा कोट मी एका म्हाताऱ्या राखणदाराच्या अंगावर वर्षानुवर्षं बघतो आहे. रात्री खळ्यावर बसताना त्याला त्या कोटाइतकं उबदार दुसरं काही मिळालं नसतं.

आता गाठ सुटते ती वेळ.

सकाळ नुकती वर आलेली असते. बाजार अजून मांडला जात असतो. भज्यांचं तेल तापायचं आहे, मडकीवाल्याने गवताची वेष्टणं काढलेली नाहीत. पथारीवाला ताडपत्री अंथरतो, सुतळी तोडतो, आणि बोचकं पहिल्यांदा श्वास सोडल्यासारखं फुगून पसरतं. त्या वेळी त्याच्याभोवती पाड्यावरची एकही बाई नसते. असतात ते तिघे-चौघे, दर बाजाराचे. एकजण हाच माल पुढे किन्हवलीला आणि सरळगावला नेऊन विकणारा. एकजण जीन्सवाला, त्याला दुसरं काही नको असतं. एकाचं शहापूरकडे छोटं दुकान आहे, तिथे धुऊन घडी घातलेला जुना शर्ट नव्याच्या शेजारी लागतो. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेच्या आधी यांची संख्या वाढते, कारण तिथे बैलबाजाराबरोबर घोंगड्या-कपड्यांची विक्री मोठी, आणि माणूस जत्रेत हात सैल सोडतो.

त्यांचं काम बघण्यासारखं असतं. डोळे फारसे वापरत नाहीत, बोटं वापरतात. दोन बोटांत कापड चिमटलं की जात कळते. कॉलर उलटी करून कड बघायची, काखेतली शिवण, जीन्स असेल तर दोन पायांच्या मधला भाग आणि चेन. क्षणात निकाल. घ्यायचा तो डाव्या खांद्यावर, नाकारलेला परत ढिगात. एकमेकांच्या हातातलं ओढत नाहीत, पण एकाने हात घातलेल्या कोपऱ्यात दुसऱ्याचा हात लगेच शिरतो. मग खांद्यावरची रास खाली टाकून ठोक भाव. ‘सगळ्याचे मिळून बोल.’ पथारीवाल्याला ते हवंच असतं. भवानी मोठी झाली, बोचक्याची निम्मी रक्कम वसूल झाली, आता दिवसभर जे येईल ते आपलं. मला या तिघा-चौघांचा राग येतो आणि तो टिकत नाही. किन्हवलीला माल नेणाऱ्याचं स्वतःचं पायताण तुटलेलं असतं. जीन्सवाल्याचा बाप वीटभट्टीवर आयुष्य काढून गेला. त्यांनी हात आखडता घेतला तरी त्यांच्या जागी उद्या दुसरे उभे राहतील. तरीही गाठ सुटल्यानंतरच्या त्या अर्ध्या तासात काय होतं ते होतंच.

नऊ-दहाच्या सुमाराला बायका यायला लागतात. डोंगराच्या अंगाच्या पाड्यांवरून चालत, कुणी पहिल्या एसटीने. आधी त्यांना आपला माल खपवायचा असतो. आखाड-श्रावणात करटोली, त्याआधी शेवळं, पुढे काकड्या, भोपळा, चवळीच्या शेंगा. केळीच्या पानावर वाटे मांडून बसायचं. आणि इथेही कुणीतरी आधी येऊन सगळे वाटे ठोकभावात उचलून आसनगावच्या गाडीला लावणारा असतोच. त्याला दिलं तर लवकर सुटका होते पण पैसे निम्मे मिळतात. बसून विकलं तर पैसे मिळतात पण तोवर बोचकं रिकामं होतं. दर बाजाराला त्यांना या दोनांतलं एक सोडावं लागतं. पदराच्या गाठीला पैसे बांधून त्या बोचक्यापाशी पोचतात तेव्हा वर काय आलेलं असतं? ताणून लोंबलेल्या लेगिंग्ज. कुठल्या कंपनीच्या वर्धापनदिनाचे, कुठल्या मॅरेथॉनचे टी-शर्ट. टिकल्या गळालेला पार्टीचा झगा. शाळेचे टाय. चाळीस इंच कमरेच्या पँटी. शहरातल्या कंबरा आणि इथल्या कंबरा यांत एवढं अंतर आहे की एका पँटीत इथली दोन पोरं मावतील. ती पँट घेऊन आई शिंप्याकडे जाते आणि त्यातून दोन चड्ड्या काढून घेते, शिलाईचे पैसे वेगळे.

त्यांना हवं असतं ते फार थोडं आणि अगदी ठरलेलं. पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट. आवणीला चिखलात, भात कापताना, आणि सगळ्यात जास्त भट्टीवर, बायका साडीवरून असा शर्ट घालतात. ऊन, धूळ, विटांची कड यांपासून हात वाचतात. तो सुती हवा, बटणं पुरी हवीत, रंग कुठलाही चालेल. दुसरं, पोराचं स्वेटर. तिसरं, मऊ सुती साडी, गोधडीला आणि झोळीला. भडक नायलॉनच्या साड्याही घेतात, पण नेसायला नाही. त्या परसातल्या वेलांभोवती, भाजीच्या वाफ्याभोवती बांधायच्या. वाऱ्याने फडफडल्या की रानडुक्कर बिचकतं.

दिवाळीनंतरच्या बाजारात हे सगळं दाटतं. भात निघालेलं असतं, कातकरी कुटुंबं भट्टीवर निघायच्या तयारीत असतात. मालकाकडून उचल घेतलेली, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांची मजुरी आधीच थोडी हातात, बरीच अंगावर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचल फिटता फिटत नाही हे ज्याने घेतली त्याला ठाऊक असतं. त्या उचलीतून भांडं, मीठ, तेल, थोडी सुकट, आणि घरातल्या प्रत्येकाला अंगावर एकेक काहीतरी. भट्टीवर पाचटाच्या झोपडीत पौष-माघ काढायचा असतो, पोरं उघड्यावर निजतात. म्हणून त्या एका बाजारात स्वेटरला जेवढी मागणी असते तेवढी वर्षभरात नसते. आणि त्याच बाजारात सकाळची गिऱ्हाइकंही जास्त असतात, त्यांनाही ते ठाऊक असतं. सकाळी ठोकीत गेलेला स्वेटर दुपारी त्याच बाजारात, वीस पावलांवर, दुसऱ्या ताडपत्रीवर दुप्पट भावाने टांगलेला मी बघितला आहे. बाई त्याच्या खाली उभी राहून वर बघत होती. लेकरू कडेवर होतं आणि ते स्वेटरच्या लोंबत्या दोरीशी खेळत होतं. तिने भाव विचारला नाही.

घासाघीस चालते ती उरल्यासुरल्यावर.

‘ह्यो कितीला?’

‘चाळीस.’

‘काखंत उसवलाय बघ. पंधरा घे.’

‘पंधराला दोरा तरी येतो का मावशी?’

‘दोरा माझा हाय. पंधरा.’

‘पंचवीस दे, भवानी कर.’

‘भवानी तुझी सकाळीच झाली. बघितलं नाय का मी, शेठ किती घेऊन गेलं?’

यात सगळं आलं. तिला ठाऊक असतं की सकाळी असा शर्ट ठोकीत किती स्वस्त गेला असेल. पथारीवाल्यालाही ठाऊक असतं की हिला ठाऊक आहे. पण ठोकभाव एका नगाला मिळत नाही. ज्याच्याकडे एकदम पैसे टाकायची ऐपत त्याला नग स्वस्त पडतो, जिला एकच शर्ट घ्यायचा तिला तो महाग, तोही उसवलेला. पाच-दहा रुपयांसाठी अर्धा तास उन्हात उभं राहणाऱ्या बाईला लोक चिकट म्हणतात. त्या अर्ध्या तासात ती दहा रुपये कमावत असते, आणि दिवसाच्या तिच्या कमाईत त्याला किंमत असते.

अशीच ओढाताण अमेरिकेतही दिसते. तिथे गुडविल नावाची संस्था आहे, १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये एका धर्मोपदेशकाने सुरू केलेली. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकून त्या पैशातून लोकांना कामाला लावायचं अशी तिची कल्पना. दुकानांत न खपलेला माल तिच्या शेवटच्या विक्रीकेंद्रात मोठ्या उघड्या पेट्यांत ओतून वजनावर विकतात. तिथेही फेरविक्री करणारे दार उघडायच्या आधीपासून रांगेत असतात, तिथेही एखादी गरजू आई त्यांच्या कोपरांमागे राहते. पण एक रीत आहे. नव्या पेट्या ढकलत आणल्या की सगळ्या जागेवर लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, इशारा झाला की सगळ्यांनी एकदम. त्याने धंदेवाईक मागे हटत नाहीत, पण जो आला आहे त्याला निदान त्यांच्याबरोबर सुरुवात तरी करता येते. डोळखांबला हे करणं अवघड नाही. बाजाराची जागा ग्रामपंचायतीची, पावती ग्रामपंचायत फाडते. पाड्यांकडून येणारी पहिली गाडी लागेपर्यंत जुन्या कपड्यांची गाठ सोडायची नाही, एवढं एक ठरवावं. आणि एका गिऱ्हाइकाला एकदम किती नग, यालाही पहिल्या तासापुरती मर्यादा घालावी. पथारीवाल्याचं नुकसान होईल का? थोडी वाट बघावी लागेल, पण माल तर तेवढाच आहे, आणि दिवाळीनंतरच्या बाजारात तो शिल्लक राहत नाही. मला हे करण्यासारखं वाटतं, आणि लवकर करण्यासारखं वाटतं.

कुणी म्हणेल, एवढी खटपट कशाला, शहरातून दानात कपडे येतातच की. येतात. दिवाळीच्या आसपास अजोबा, कुलंगकडे डोंगर चढायला जाणारे गट गाड्या भरून आणतात, पाड्यावर माणसं उभी करतात, वाटतात, फोटो काढतात. मनात वाईट काही नसतं. पण त्या रांगेतल्या बाईला जे हातात पडेल ते घ्यावं लागतं. बिनबाह्यांचा झगा पडला तरी तो घेऊन हसायचं. ‘गूंज’ ही संस्था १९९९ पासून जुने कपडे गावोगाव पोचवते. कपडे फुकट वाटायचे नाहीत, गावाने मिळून विहीर उपसावी, रस्ता करावा, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून ते घ्यावेत, अशी तिची पद्धत आहे. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली राहू नये हे त्यांनी ओळखलं. बोचक्यापाशी तर हे मुळातच आहे. तिथे ज्याने पैसे मोजायचे तो नाक मुरडू शकतो. ‘कापड वाईट आहे’ म्हणू शकतो, रंग आवडला नाही म्हणून टाकू शकतो, दोन शर्ट शेजारी धरून शेजारणीला विचारू शकतो. वर्षातून एकदा-दोनदाच अंगाला नवं लागणाऱ्या माणसाला निवडायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. सकाळच्या ठोकीत कपड्यांबरोबर नेमकी ही निवड निघून जाते, आणि मग बोचकं विकत घेण्याचं असूनही दानाच्या रांगेसारखं होतं. जे पडेल ते घ्या.

फेरविक्री करणाऱ्यांतही मला एक बाई वेगळी वाटते. ती पाड्यावरचीच आहे. बाजारातून दहा-बारा नग उचलते, स्वतःचं छोटं बोचकं बांधते आणि ज्यांना बाजाराला यायला जमत नाही त्यांच्या दारात नेऊन सोडते. तापाने पडलेली, बाळंतीण, म्हातारी, गुरं सोडून येऊ न शकणारी. पैसे लगेच मागत नाही. उचल मिळाली की द्या, भात विकलं की द्या. पाच रुपये वर घेते. तिला कुठल्या घरात किती पोरं, कुणाचा हात केवढा, कुणाला थंडी सोसत नाही हे पाठ असतं, त्यामुळे ती बोचक्यात हात घालते तेव्हा माणसं मनात धरून घालते. तिच्यात आणि जीन्सवाल्यात व्यवहार एकच आहे, तरी माझं मन तिच्या बाजूला झुकतं. ठोकीला मर्यादा घालायची झाली तर तिच्या दहा-बारा नगांना त्यातून जागा सुटली पाहिजे.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका बाजारात मी बोचक्याजवळ उभा होतो. सकाळच्यांपैकी एकजण उशिरा आलेला, त्याने खांद्यावर रास केली होती, ठोकभाव अजून ठरत होता. त्या राशीतून एका निळ्या शर्टाची बाही खाली लोंबत होती. पूर्ण बाही, जाड सुती, कफ शाबूत. पलीकडून एक ठाकर बाई आली, तिने ती बाही धरली आणि सोडली नाही.

‘ह्यो मला पायजे.’

‘माझा झाला तो, बाय. सोड.’

‘पैसं दिलंस का?’

तो पथारीवाल्याकडे बघायला लागला. पथारीवाला तिच्याकडे. पैसे दिले नाहीत तोवर माल ढिगाचा, हे बाजारात कुणी लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना मान्य आहे. आजूबाजूच्या दोघी-तिघी हातातलं सोडून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, ‘आनी ती लाल पन आमाला दाखव. आन् त्यो सेटर.’ खांद्यावरची रास त्याला ताडपत्रीवर उतरवावी लागली. ती पुन्हा ढिगात पसरली, आणि त्या सगळ्या एकदम खाली बसल्या. निळ्या शर्टाचे पथारीवाल्याने तीस सांगितले, तिने वीस दिले. लाल साडी उजेडात धरून बघितली, बोटांत चोळली, नायलॉन निघाली म्हणून फेकली, आणि स्वेटरवरून आपसांत भांडायला लागल्या.